उपडा पेला आणि स्लो भूकंप: नवीन येणाऱ्यांसाठी

एमएस्सीला होतो तेव्हा भूकंप म्हणजे कोयना नि किल्लारी एवढंच माहीत, आठवडेच्या आठवडे चालणारा आणि कोणालाच न जाणवणारा भूकंप असतो म्हटल्यावर हसूच आलं. आता ज्युनियर पोरं विचारतात म्हणून लिहितोय.

पेपर नंतर, आधी डेटा बघा. कॅनडात व्हिक्टोरियाजवळ अल्बर्ट हेड नावाचं जीपीएस स्टेशन आहे, डेटा फुकट मिळतो. प्लॉट केला की करवतीचे दात दिसतात: स्टेशन महिनोन्महिने पूर्वेकडे सरकतं, मग साधारण 14 महिन्यांनी दोनेक आठवडे उलटं, तेही जेमतेम अर्धा सेंटीमीटर. म्हणजे खाली 30-40 किमीवर, जिथं एक प्लेट दुसरीखाली जाते, तिथं ती हळूच घसरतेय. सोबत बारीक थरथर, ट्रेमर, असतो. तसा ट्रेमर जपानच्या नानकाई पट्ट्यात ओबारा या जपानी भूकंपशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवला होता.

हे घसरणं पाण्यामुळे सोपं होतं म्हणतात, मी अडकलो त्या पाण्यावर. पाणी म्हणजे वंगण असं व्हायवात ठोकून दिलं आणि तोंडावर आपटलो. खरं कळलं फोंड्याला घरी, आईनं गरम पाण्यानं विसळलेला पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवला आणि तो आपोआप सरकत गेला! आत कोंडलेली हवा तापून पेल्याला उचलते, वजन तेच पण ओट्यावरचा भार कमी. फॉल्टमध्ये, म्हणजे दगड एकमेकांवर घसरतात त्या भेगेत, हवेच्या जागी पाणी: खाली जाणाऱ्या प्लेटमधली खनिजं तापली की पाणी सोडतात, ते निसटत नाही, त्याचा दाब वरच्या खडकांच्या वजनाच्या जवळ पोचतो नि दगडांना दाबून धरणारा जोर नावापुरता उरतो. म्हणूनच भरती-ओहोटीचा किरकोळ ताणसुद्धा ट्रेमर कमीजास्त करतो (भरतीचं आम्हा गोंयकारांना काय सांगायचं).

मग एकदम धडाम का नाही होत? इथं रेट-अँड-स्टेट फ्रिक्शन लागतं, म्हणजे घसरण्याच्या वेगानुसार नि आधीच्या घसरण्यानुसार घर्षण कसं बदलतं त्याचा नियम. वेग वाढल्यावर घर्षण वाढलं तर फॉल्ट गपचूप सरकतो, घटलं तर झटका बसू शकतो, स्लोवाले या दोघांच्या कुंपणावर. आणि भार कमी असला की घर्षण घटलं तरी ताणात पडणारा फरक तुटपुंजा, आजूबाजूचा खडक तेवढं सहज सांभाळून घेतो, त्यामुळे घसरणं सुरू होतं पण सुसाट सुटत नाही.

स्प्रिंग-स्लायडर मॉडेल (स्प्रिंगनं ओढलेला ठोकळा म्हणजे फॉल्ट) पायथनमध्ये स्वतः लिहा, कॉपी मारू नका. माझं चार दिवस फुटत होतं कारण टाइमस्टेप (गणितातली वेळेची एक पायरी) एकच ठेवलेली, झटक्याच्या वेळी ती बारीक करावी लागते. चाललं की भार थोडा थोडा कमी करत रन मारा, झटक्यांचे टोकदार दात गोल गोल होत जाताना दिसतील.