कोनदार, ठसठशीत देवनागरी अक्षरं कशी काढावीत

कबड्डी स्पर्धेचा फलक रस्त्यापलीकडून वाचता आला पाहिजे. अशा ठिकाणी गोलाई काढून टाकलेली, जाड, कोनदार अक्षरं फार शोभतात. रोमन लिपीत हा प्रयोग जुना आहे. थिओ व्हान डूसबर्ग या डच कलावंताने १९१९ साली सगळी अक्षरं एकाच चौकोनी जाळीत बसवली होती. देवनागरीला तसा एकच साचा लावू नका, वाचणारा अडखळतो. जाळी घ्या, पण अक्षराला लागेल तेवढी जागा द्या.

आधी आलेख कागद घ्या. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून दंडाच्या, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेच्या, टोकापर्यंत १२ चौकोन उंची धरा, दंडाची जाडी २ चौकोन. शिरोरेषा त्याहून किंचित बारीक ठेवा, कारण आडवी रेघ उभीएवढीच काढली तरी डोळ्याला जाड दिसते. वर वेलांटीसाठी ५ चौकोन सोडा.

मग ‘व’ काढा, तुमच्या शब्दात नसला तरी. ‘ब’ आणि ‘क’ यांचं पोट त्याच्यावरूनच निघतं. पोटात ४ बाय ४ चौकोनांची पांढरी जागा राखा आणि डावीकडचे दोन्ही कोपरे ४५ अंशांत कापा. इथे बहुतेकांची चूक होते. बाहेरचा कोपरा २ चौकोन कापला, तर आतला १ चौकोनाहून थोडा कमीच कापायचा, नाहीतर तिरक्या भागाची जाडी बिघडते. तिरकी रेघ नेहमी तिला काटकोनात पट्टी धरून मोजा. आडव्या ओळीत २ चौकोन मोजून काढलेली ४५ अंशांची रेघ प्रत्यक्षात जेमतेम १.४ चौकोन जाड भरते.

‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ मात्र मुद्दाम १ चौकोनाचीच ठेवा. दोन्ही बाजूंना पांढरे त्रिकोण स्वच्छ दिसले, तरच तो ‘ब’. ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेच्या ‘मोदक’ या टंकात (फाँटमध्ये) पोटं रेघेएवढी उरतात, तरी अक्षर ओळखू येतं, कारण तिथे गोलाई मदतीला असते. कोनदार अक्षराचा सगळा भार पांढऱ्या जागेवर असतो.

‘ड्ड’ एकाखाली एक रचला तर ओळ खाली लोंबते आणि दोन्ही ‘ड’ चेपतात. मी हलन्त वापरून ‘ड्‌डी’ असं शेजारी-शेजारी काढतो. शब्दात ‘भ’ किंवा ‘ध’ असेल, तर शिरोरेषेतली फट किमान दीड चौकोन ठेवा. ती बुजली की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो.

शब्द जुळला की मोबाइलवर फोटो काढून नखाएवढा करून पाहा. जे पोट काळं दिसेल ते रुंद करा. ही अक्षरं शीर्षकाला, जर्सीला, गुणफलकाला वापरा. तारीख-वेळ, नियम साध्या अक्षरांत लिहा.

फलक रंगवताना ‘ब’च्या तिरक्या रेघेच्या टोकांशी रंग साचतो. तिथल्या कडा आधी बारीक ब्रशने ओढून घ्या, मोठा ब्रश नंतर.