सिलिका वाळू वापरताना या चुका टाळा

वाळू मुठीत घ्यायची, पांढरीशुभ्र दिसली की माल पास करायचा. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. रंगावरून सिलिका वाळू ओळखता येत नाही.

काचेचं उदाहरण घ्या. रंगहीन बाटलीसाठी वाळूत लोहाचं ऑक्साइड साधारण 0.03 टक्क्यांच्या आसपास चालतं, सौर पॅनेलच्या काचेला ते 0.01 टक्क्याच्याही आत लागतं. वर गेलं की काचेवर हिरवी झाक येते. अशा वेळी भट्टीत रंग घालवणारी रसायनं वाढवत बसू नका, आधी लोह नेमकं कुठे आहे ते शोधा. दाण्यांवर चिकटलेल्या मातीत असेल तर वाळू घासून धुतल्यावर निघतं. लोहयुक्त खनिजांचे सुटे दाणे असतील तर चुंबकाने वेगळे होतात. गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, दाण्यातच अडकलेलं असेल तर धुण्याचा खर्च वाया जातो. तो साठा काचेसाठी घेऊच नये.

फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओततात तिथे, वेगळाच गैरसमज दिसतो: वाळू जितकी बारीक तितकं कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) गुळगुळीत. काही अंशी ते खरं आहे. पण बारीक दाण्यांना रेझिन (दाणे एकमेकांना चिकटवणारा पदार्थ) जास्त लागतं आणि साच्यातून वायू नीट बाहेर पडत नाही, मग कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) कच्चा राहिला तर रेझिन वाढवण्याआधी वाळूतली धूळ आणि माती मोजा.

फ्युरान रेझिन घट्टच होत नसेल तर शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे कण आहेत का बघा. ते हार्डनरमधलं, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनातलं, आम्ल खाऊन टाकतात. चिमूटभर वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसली तर कारण सापडलं. ही साधी चाचणी प्रत्येक गाडीमागे व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कास्टिंगवर शिरांसारख्या बारीक रेघा उठल्या की दोष साचा बनवणाऱ्यावर येतो. खरं कारण बहुधा क्वार्ट्झचं असतं: 573 अंश सेल्सियसला त्याची स्फटिकरचना बदलते, दाणे एकदम फुगतात, कोअरला तडे जातात आणि त्यांत धातू शिरतो. एकाच मापाच्या दाण्यांऐवजी तीन-चार चाळण्यांवर विभागलेली वाळू घ्या, थोडं लोह ऑक्साइड मिसळा, फारच तापणाऱ्या जागी क्रोमाइट किंवा झिरकॉन वाळू वापरा.

ओली वाळू मापाने घेऊ नका. जेमतेम पाच टक्के ओलाव्यानेही ती वीस-तीस टक्के फुगते. कोरड्या वजनावर हिशोब करा.

सगळ्यात घातक चूक धुळीची. डोळ्यांना न दिसणारे क्वार्ट्झचे कण फुप्फुसात रुततात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारी ही धूळ कर्करोगकारक ठरवली. अमेरिकेने 2016 मध्ये आठ तासांच्या कामासाठी घनमीटर हवेत सरासरी 50 मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. तरीही कॉम्प्रेसरच्या हवेने जमीन झाडली जाते, तोंडाला रुमाल बांधला जातो. रुमालातून हे कण सहज आत जातात. पाणी मारा, हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम वापरा, योग्य दर्जाचा रेस्पिरेटर द्या. सँडब्लास्टिंगला सिलिका वाळू नकोच, गार्नेट किंवा स्टीलचे छर्रे घ्या.