बॉक्सएन वाघिणीवरची चंदेरी कड कशी घालवली

मॉडेल रेल्वेच्या एचओ, म्हणजे १:८७ मापात बॉक्सएन वाघीण (भारतीय रेल्वेचा उघडा मालडबा) जेमतेम १२३ मिलिमीटर भरते. तपकिरी-लाल मॅट रंग छान बसला, पण पांढऱ्या अक्षरांच्या डिकलभोवती, म्हणजे अक्षरं छापलेल्या पातळ चिकटपट्टीभोवती, चंदेरी पट्टा चमकू लागला. कारण साधं: मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, आणि पाण्यात भिजवून लावलेल्या डिकलखाली त्या बारीक खळग्यांत हवा अडकते.

डिकल खरवडून काढावं लागलं नाही. चमकणाऱ्या भागाला बारीक सुईने टोचे मारले आणि वरून डिकल मऊ करणारं द्रावण ब्रशने सोडलं. डिकल सुरकुततं, तेव्हा हात लावायचा मोह आवरा. सुकताना ते आपोआप सपाट होतं आणि वाघिणीच्या उभ्या पट्ट्यांच्या कडांना चिकटतं. हट्टी जागी पुन्हा तेच केलं.

उरलेल्या वाघिणींना आधी ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला, तो पूर्ण वाळल्यावर डिकल, शेवटी मॅट वार्निश. चंदेरी कड दिसलीच नाही. मॅटचा स्प्रे मात्र पावसाळी दमट हवेत मारू नका, पांढुरकी झाक येते. धूळ आणि गंजाचे रंग त्यानंतरच. नव्याकोऱ्या मालगाड्या मला तरी खोट्या वाटतात.