जुनीच गोळी पुन्हा सुरू करण्याआधी

नैराश्यावर दोन-तीन औषधं झाली, समुपदेशन झालं, कुणाला शॉक ट्रीटमेंटही दिली गेली, आणि आता डॉक्टर म्हणतात, "ती पहिली गोळी परत एकदा देऊन बघू." जी लागू पडली नाही तीच कशाला, असं घरचे विचारणारच, आणि प्रश्न रास्त आहे. पण ती खरंच लागू पडली नव्हती का, हे जुनी फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून तयारीची सुरुवात माळ्यावरची ती पिशवी खाली काढण्यापासून.

प्रिस्क्रिप्शनं, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं, सगळं तारखेनुसार लावा. मग एका कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, काय फरक पडला आणि का बंद झालं हे लिहून काढा. ब्रँडचं नाव पुरत नाही, आतल्या औषधाचं नाव हवं. एसिटालोप्राम हे नैराश्यावरचं एकच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने घेऊन "तीन औषधं फेल गेली" असं मनात धरून बसणं अगदी सहज घडतं.

मिलिग्रॅम आणि तारखांच्या रकान्यांवर मात्र वेळ घालवा, कारण खरी गोम तिथेच असते. एसिटालोप्राम बहुतेकदा 5 वर सुरू करतात, पण नैराश्यासाठी नेहमीचा डोस 10 ते 20. अमिट्रिप्टिलिन डोकेदुखीसाठी किंवा झोपेसाठी 10 किंवा 25 देतात. नैराश्यासाठी साधारण 75च्या पुढे जावं लागतं. तेव्हा रात्रीची 10ची गोळी वर्षभर घेतली तरी तिला नैराश्यावरचा उपचार म्हणता येत नाही. पुरेशा डोसवर किमान चार ते सहा आठवडे गेले असतील तरच औषध फसलं म्हणायचं. दुसऱ्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून सोडलेली गोळी या हिशेबात धरूच नका. मध्ये किती दिवस चुकले तेही खरं खरं लिहा. उपवास, प्रवास, लग्नघर, "आता बरं वाटतंय" म्हणून घेतलेली सुट्टी, सगळं. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवलं, तर पुढचा निर्णय चुकीच्या माहितीवर होतो.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे एकाच गोळीत एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम हे झोप आणणारं औषध. पहिल्याच रात्री झोप लागते ती क्लोनाझेपाममुळे, आणि श्रेय मिळतं पूर्ण गोळीला. पुढे ती झोपेची गोळी म्हणून अधूनमधून घेतली जाते आणि नैराश्याचं औषध पोटात धड जातच नाही. पूर्वीची गोळी अशी जोडगोळी होती का ते बघा. अजून चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, क्लोनाझेपाम हळूहळूच उतरवावं लागतं.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासाचे निकाल 2006 साली आले. पहिल्या औषधाने साधारण तिघांतल्या एकाला पूर्ण आराम पडला, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सातांतल्या एकाला. या मोजणीवर नंतर आक्षेपही घेतले गेले, पण कल उतरताच आहे. तरीही, शॉक ट्रीटमेंटने बरं वाटलं असेल तर गोळी टाळू नका. 2001 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात शॉकनंतर नुसती डमी गोळी घेणाऱ्यांपैकी 84 टक्के लोक सहा महिन्यांच्या आत पुन्हा आजारी पडले; नॉरट्रिप्टिलिन आणि लिथियम ही दोन औषधं एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं.

तपासण्या विचारून करा: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, वयस्करांचं सोडियम, काही औषधांसाठी ईसीजी. चालू असलेलं प्रत्येक औषध दाखवा. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टीही काही नैराश्याच्या औषधांशी जुळत नाहीत. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, दारू, सगळं सांगा.

एक गोष्ट रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त आठवते. मागे कधी गोळी चालू असताना झोप न घेताही भरपूर उत्साह, वारेमाप खर्च, न थांबणारं बोलणं, असे दिवस आले होते का? घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साह येणारा आजार, आहे का? असेल तर तेच औषध पुन्हा देण्याचा सगळा विचारच बदलतो. त्यामुळे भेटीला घरचं एक माणूस बरोबर न्या.

मध्ये काही महिने खंड पडला असेल तर जुना पूर्ण डोस एकदम सुरू करू नका, घरात उरलेल्या पाकिटातून तर नाहीच. पहिले दोन आठवडे अस्वस्थता वाढू शकते, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर तर विशेष लक्ष हवं. जीव नकोसा वाटत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, गोळ्या घरच्यांच्या ताब्यात ठेवा आणि थोड्याथोड्याच आणा. अमिट्रिप्टिलिनसारखं औषध जास्त घेतलं गेलं तर जिवावर बेततं. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. पण जिवाला धोका वाटला तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठा.

सुरू करायच्या दिवशी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा आणि पुढे दर दोन आठवड्यांनी. "जरा बरं आहे" या उत्तराचा डॉक्टरांना फारसा उपयोग नसतो, त्रासाचे गुण 19चे 12 झाले हे कळलं तर असतो. आणि केबिनमधून बाहेर पडण्याआधी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून घ्या: डोस कोणत्या तारखेला किती वाढवायचा, आणि कोणत्या तारखेपर्यंत फरक पडला नाही तर ही गोळी थांबवून पुढचं काय.