नवजात बाळाला दुपट्यात कसे गुंडाळावे

बाळाला दुपट्यात गुंडाळण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मात्र ती शिकवताना ‘घट्ट गुंडाळ’ एवढेच सांगितले जाते आणि कोठे घट्ट व कोठे सैल, हे सांगायचे राहून जाते. नवजात बाळ झोपेत दचकते, दोन्ही हात एकदम फेकते आणि त्या झटक्यानेच जागे होऊन रडू लागते. अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञांनी १९१८ साली या हालचालीचे वर्णन केले, म्हणून तिला मोरो प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. गुंडाळण्याचा उपयोग मुख्यतः हे दचकणे आवरण्यासाठी आहे. म्हणजे आधार हातांना हवा, पायांना नव्हे.

दुपटे मलमलीचे किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे, एकपदरी आणि साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे असावे. आजीने हौसेने शिवलेले अनेक पदरांचे दुपटे बाळाच्या अंगाखाली छान, पण गुंडाळायला जाड होते. दुपटे सपाट गादीवर पत्त्यातल्या चौकटसारखे, म्हणजे एक टोक वर येईल असे पसरावे आणि ते टोक वीतभर आत दुमडावे. दुमडलेल्या कडेवर खांदे येतील अशा बेताने बाळाला उताणे ठेवावे. मान आणि डोके कापडाच्या बाहेर राहिले पाहिजे. बाळाचा एक हात कोपरात किंचित वाकवून अंगालगत धरावा, त्या बाजूचे टोक छातीवरून पलीकडे न्यावे आणि दुसऱ्या हाताखालून पाठीमागे खोचावे. मग खालचे टोक पावलांवरून सैलसर वर आणावे. शेवटी दुसरा हात तसाच धरून उरलेले टोक छातीवरून नेऊन पाठीखाली अडकवावे. पिन, नाडी किंवा दोरी वापरू नये. छाती आणि कापड यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. त्याचबरोबर कापड इतके ढिलेही नसावे की सुटून तोंडावर येईल.

आता पायांविषयी. मालीश करून अंघोळ घातल्यावर ‘पाय सरळ व्हावेत’ म्हणून दोन्ही पाय जुळवून आवळण्याची पद्धत अनेक घरांत अजून दिसते, आणि ती सोडलीच पाहिजे. गर्भात दुमडून राहिल्यामुळे नवजात बाळाचे पाय बाकदार दिसतात. ते वाढीबरोबर आपोआप सरळ होतात. उलट, या वयात खुब्याच्या सांध्याची वाटी बरीचशी कूर्चेची आणि मऊ असते, त्यामुळे पाय ताणून, जवळ आणून बांधल्यास मांडीच्या हाडाचा गोल भाग वाटीतून सरकण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय असे ताणून ठेवू नयेत याचा देशभर प्रचार झाला आणि त्यानंतर खुबा निखळण्याचे प्रमाण तेथे लक्षणीय घटले. म्हणून गुंडाळल्यावरही बाळाला गुडघे वर घेऊन बेडकासारखे बाहेर फाकवता आले पाहिजेत. बाळ पायाळू असेल, तर हे अधिकच काटेकोरपणे पाळावे आणि खुब्याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

गुंडाळलेल्या बाळाला नेहमी उताणेच झोपवावे, कुशीवर किंवा पालथे कधीही नाही. गादी टणक असावी आणि जवळ मोहरीची उशी, लोड किंवा सैल पांघरूण नसावे. झोळीत मान पुढे झुकते आणि गुंडाळलेल्या बाळाला स्वतःला सावरता येत नाही, त्यामुळे झोळीत किंवा आईवडिलांच्या अंथरुणात झोपवायचे असल्यास गुंडाळू नये.

ऊब तपासायची ती मानेच्या मागे हात लावून. हातपाय गार लागणे या वयात स्वाभाविक आहे. मान घामट लागली तर कपडे कमी करावेत. उन्हाळ्यात आत फक्त लंगोट पुरतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तर गुंडाळण्याचा आग्रहच नको. बाळाला ताप असेल तर दुपटे काढून ठेवावे. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असल्यास लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

दूध पाजताना बाळाला मोकळे करावे. भूक लागली की बाळ हात तोंडाशी नेते आणि हात बांधलेले असतील तर ही खूण आईला दिसत नाही. गुंडाळलेले बाळ गाढ झोपते, हेही ध्यानात असावे. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनी पाजण्यासाठी त्याला उठवावे लागू शकते.

बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागले की त्याच दिवसापासून गुंडाळणे बंद करावे. काही बाळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ती सुरू करतात, म्हणून त्याआधीच काही रात्री एक हात बाहेर ठेवून आणि मग दोन्ही हात मोकळे सोडून सवय मोडत आणावी.