इंग्लंडमधला इयर सेव्हनचा (माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाचा) प्रवेश: अंतराच्या हिशेबात या चुका टाळा

घर बघायला निघालेले पालक हमखास विचारतात, ‘मागच्या वर्षी या शाळेत किती अंतरापर्यंत प्रवेश मिळाला?’ उत्तर मिळालं की त्या आकड्याच्या आतलं घर पक्कं करून टाकतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, शाळेत १८० जागा आहेत. ज्या मुलांच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या अधिकृत आराखड्यात) शाळेचं नाव आहे ती आधी, मग केअरमधली, म्हणजे काउन्सिल सांभाळतं ती मुलं, बहुतेक ठिकाणी पाठोपाठ शाळेत आधीच शिकणाऱ्या मुलांची भावंडं, आणि उरलेल्या जागा अंतराप्रमाणे. यंदा भावंडं वीसने वाढली, तर अंतराच्या वीस जागा गेल्या. घर तिथंच, शाळा तिथंच, तरी प्रवेश हुकतो. काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) प्रवेश-पुस्तिकेतून मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे काढा. तुम्ही काठावर असाल तर प्रवेश मिळणार नाही असंच धरून चाला.

फोनच्या नकाशावर चालत जायचं अंतर मोजून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी चालण्याच्या रस्त्याने. शाळेच्या फाटकापर्यंत की इमारतीच्या मध्यापर्यंत, हेही नियमांत लिहिलेलं असतं.

पत्ता मात्र मूल खरोखर राहतं तोच द्या. खोट्या पत्त्यावर मिळालेली जागा काढून घेता येते, आणि त्याचा त्रास मुलाला होतो.

‘एकच शाळा लिहिली की तीच द्यावी लागते’ या समजुतीवर मुळीच विसंबू नका. पसंतिक्रम शाळेला कळतही नाही. ती एक हुकली, तर जिथं जागा उरली असेल तिथं मुलाला पाठवतात, मग ती कितीही लांब असो. सगळे रकाने भरा, आणि अंतरात आरामात बसणारी एक तरी शाळा त्यात हवीच. शेजारच्या काउन्सिलची शाळा जवळ असेल तर तीही लिहा. केवळ हद्दीबाहेर राहता म्हणून तुम्हाला मागे टाकता येत नाही, हे १९८९ च्या ग्रिनिच खटल्यातल्या कोर्टाच्या निकालापासून ठरलेलं आहे. अर्ज ३१ ऑक्टोबरच्या आत.

१ मार्चला शाळा कळवतात; तेव्हा नको ती शाळा मिळाली, तर रागाने नाकारू नका. ती स्वीकारून हव्या त्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव ठेवता येतं. ती यादीही तारखेने लागत नाही, त्याच निकषांनी लागते. तुमचं अंतर चुकीचं मोजलंय असं दिसलं, तर लगेच लेखी विचारा आणि अपील करा.