उजेडाची पाहणी त्याच वेळेला

मैदानावरच्या एका सत्काराचे फोटो बातमीसाठी काढायचे होते, आणि जागा मी सकाळी दहाला पाहून आलो होतो. मंचावर समोरून छान ऊन, मागे झाडं, उभं राहायला ऐसपैस जागा. कार्यक्रम मात्र संध्याकाळी पाचचा होता. पाचला सूर्य मंचाच्या बरोबर मागे होता. ज्या बाईंसाठी गेलो होतो त्यांचा चेहरा प्रत्येक फ्रेममध्ये काळा. पदकाची कडा चमकतेय आणि डोळे दिसतच नाहीत. तो क्षण पुन्हा मिळणार नव्हता.

म्हणून सगळ्यात आधी हे : ज्या वेळेला फोटो काढायचा, त्याच वेळेला जागा पाहायला जा. आदल्या दिवशी जा, नाही जमलं तर दोन दिवस आधी, पण त्याच वेळेला. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्यामुळे दोन तासांच्या फरकानेही सगळं बदलतं. सोबत कुणाला तरी न्या, मंचाच्या जागी उभं करा आणि चेहरा नीट पाहा. डोळ्यांच्या खोबणीत अंधार आहे का? नाकाची सावली ओठावर येते का? मग आजूबाजूच्या इमारती पाहा. सूर्य 20 अंशांवर उतरला की 10 मीटर उंच इमारतीची सावली 27 मीटरपर्यंत पोचते. ती अर्ध्या मंचावर आली तर एक पाहुणा उन्हात, दुसरा सावलीत, आणि एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे उजेडाच्या एकाच सेटिंगमध्ये, दोघंही नीट येत नाहीत. सूर्याची दिशा दाखवणारी अॅप्स चांगली आहेत, पण झाडं, होर्डिंग, छत त्यांना ठाऊक नसतं. सहा महिन्यांपूर्वी तिथे काढलेल्या फोटोंवरही विसंबू नका. सूर्य बरोबर पूर्वेला फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारासच उगवतो.

मंचाचं तोंड कुठे असेल आणि वर छत घालणार का, हे आयोजकांना विचारा. लाल कापडाखाली सगळे चेहरे लाल होतात आणि व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने, ते पूर्ण निस्तरत नाही. विचारा, पण माणसांना हलवू नका. बातमीच्या फोटोत हलायचं ते आपण. त्यासाठीच दोन जागा हेरून ठेवा : एक समोरची, एक बाजूची, जिथून ऊन गालावर तिरकं पडेल.

बॅटऱ्या, कार्डं, 24-70 आणि 70-200 च्या लेन्स. हे सांगायला नको.

सूर्य कॅमेऱ्यासमोर येणारच असेल तर फ्लॅश घ्या, पण भरवशावर राहू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटरचा वेग 1/200 किंवा 1/250 सेकंदाच्या वर जात नाही. त्यामुळे भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 ला अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/11 पर्यंत बंद करावं लागतं, आणि एवढ्या बंद अॅपर्चरला छोटा फ्लॅश काही मीटरच्या पुढे पुरत नाही. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, चेहऱ्यावर करा, आकाशावर नको.

कॅमेऱ्याचं घड्याळ जुळवा. नावं लिहून घ्या, शुद्धलेखनासकट. फोटो कुठून पाठवणार ते आधीच ठरवा.

कार्यक्रम उशिरा सुरू होतात, तेव्हा पाहणीला गेल्यावर आणखी तासभर तिथेच थांबा आणि सावली कुठवर सरकते ते पाहा. आणि पाचचा कार्यक्रम चारला आला असा फोन आला, तर पुन्हा जा. चारला.